धरून त्रेचाळीस

१

नोंदताईचा दिवस नऊला सुरू व्हायचा आणि तो कसा जाणार हे तिला साडेआठलाच ठाऊक असायचं. कपाटाचं कुलूप काढायचं, आदल्या दिवशीच्या उड्डाणांचे कागद घ्यायचे, तास, फेऱ्या, बदललेले सुटे भाग हे सगळं ज्या त्या विमानाच्या वहीत चढवायचं. मालवाहू विमानांची ही कंपनी लहानशी होती. विमानं तीन, वैमानिक सहा, आणि नोंदी ठेवायला ही एकटी. पंचवीस वर्षं याच कामात गेल्यामुळे तिचं खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. "ताईंचा कागद नसेल तर विमान म्हणजे नुसता पत्रा," असं मिस्त्री सगळ्यांना सांगायचा. मिस्त्री म्हणजे दुरुस्तीखात्याचा प्रमुख. तोंडाने फटकळ, पण हाताला यश असलेला माणूस.

तिन्हींत जुनं विमान थोरली. दोन पंख्यांचं, पोट मोठं, मागे खाली उघडणारं दार. आधी ते लष्करात माणसं आणि सामान वाहायचं, मग एका मालवाहू कंपनीने घेतलं, मग दुसरीने, मग यांनी. आता परदेशातला कोणी ते विकत घेत होता. साहेबांनी नोंदताईला बोलावून सांगितलं, की पहिल्या दिवसापासून आजवरचा सगळा सेवा-इतिहास एका जागी लिहून काढा, दहा दिवस आहेत, आणि शेवटी एकदा वजन करून घ्या. घेणारा काटेकोर आहे.

"मग लष्कराची पेटी उघडावी लागेल," ती म्हणाली.

"उघडा ना. अडवलंय कोणी?"

अडवलं होतं त्यांनीच, तीन वर्षं. थोरलीबरोबर आलेली ती हिरवी पत्र्याची पेटी सामानखोलीत मोहोर लावून पडली होती, आणि "गरज नसताना जुनं उकरू नका" असं साहेबांनी तिला दोनदा ऐकवलं होतं. तिसऱ्यांदा विचारायची संधी ती शोधत होती. तिचे बाबा याच विमानावर लोडमास्टर होते, म्हणजे माल चढवणारे, माणसं बसवणारे आणि मोजणारे. याच विमानावर त्यांची नोकरी नासली होती. त्याचा कागद त्या पेटीत असणार, आणि दहा दिवसांनी ती पेटी विमानाबरोबर कायमची जाणार होती. साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना तिने किल्ली मागून घेतली.

२

पान सापडायला दोन दिवस लागले. एकतीस वह्या होत्या, काहींना वाळवी लागली होती.

बाबांचं अक्षर तिने लांबून ओळखलं. पूर आलेल्या गावातून माणसं हलवण्याची फेरी. 'चढले: ४३.' पुढच्या रकान्यात, 'उतरले', बाबांचं अक्षर नव्हतं. तिथे लाल शाईत कुणीतरी ४२ लिहिलं होतं आणि खाली शेरा मारला होता: 'चढताना मोजणाऱ्याने स्वतःस धरले. मोजणीत चूक.'

हे वाक्य तिने लहानपणापासून ऐकलं होतं. हवेत दार उघडलं नव्हतं, वाटेत विमान कुठे थांबलं नव्हतं, तरी त्रेचाळीस चढले आणि बेचाळीस उतरले. चौकशी झाली. बेचाळिसावर सही कर, प्रकरण मिटेल, असं वरचे म्हणत होते. बाबा ऐकेनात. मोजणारा स्वतःला धरत नाही, हे पहिल्या दिवशी शिकवतात, मी बारा वर्षं मोजतोय, एवढंच ते म्हणत राहिले. शेवटी त्यांचा हुद्दा उतरवला आणि त्यांना कांबळी मोजायला कोठारात बसवलं. वसाहतीतले लोक पाठीमागे त्यांना 'त्रेचाळीस' म्हणायचे. "त्रेचाळीस आले का रे घरी?" असं शेजारचे काका तिच्या भावाला विचारायचे, आणि भाऊही खुशाल हसायचा. ती कधी हसली नाही. तिला त्या हसण्याची अजून चीड येते.

पानाची नक्कल काढून तिने पान परत होतं तिथे ठेवलं. यातून काय सिद्ध होणार होतं? ४३ चा आकडा बाबांचाच, ४२ चा दुसऱ्याचा. साक्षीदार कोणी नाही. आणि एक गोष्ट तिलाही आतून खात होती. एवढा जिता माणूस हरवला, तर त्याला विचारत कोणी आलं कसं नाही? आई नाही, बायको नाही, शेजारी नाही? चाळीस वर्षांत एकही नाही?

चूक बाबांचीच असेल, हा विचार तिच्या मनात पहिल्यांदा आला, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

३

इतिहास लिहायचा म्हणजे वजनंही आलीच. रिकाम्या विमानाचं वजन दर काही वर्षांनी करतात. तीन चाकांखाली तीन वजनकाटे लावायचे आणि बेरीज घ्यायची. मालक बदलला की कारखान्याच्या मूळ वजनापासून सुरुवात करतात. काय काढलं, काय बसवलं, ते वजा आणि अधिक करत यायचं. कागदावर येणारा आकडा आणि काट्यावरचा आकडा सहसा पाच-दहा किलोच्या आत जुळतात.

थोरलीचे आकडे अकरा वर्षं नीट जुळत होते. पुराच्या फेरीनंतरच्या पहिल्या वजनात काटा अडुसष्ट किलो जास्त दाखवत होता. शेरा: 'रंगाचे थर.'

असतं तसं. रंगाचं वजन असतंच. पुढे लष्कराने विकण्याआधी सगळा रंग खरवडून काढला होता. पहिल्या कंपनीने वजन केलं. अडुसष्ट जास्त. शेरा: 'भिंतीच्या अस्तरात ओल.' त्यांनी अस्तर बदललं. दुसऱ्या कंपनीने आसनं काढून जमिनीवर माल सरकवायचे लोखंडी रूळ बसवले आणि वजन केलं. अडुसष्ट. शेरा: 'जुन्या नोंदीतील चूक, पुढे चालू.' मग यांची कंपनी. मिस्त्रीच्याच हातचा शेरा: 'धूळ.'

तिने मिस्त्रीला गाठलं. तो पंख्याखाली डबा उघडून बसला होता.

"अडुसष्ट किलो धूळ?"

"ताई, पन्नास वर्षांचं विमान आहे. तुमच्या कपाटावर बघा किती आहे."

"विमान धुतल्यावर वजन केलं होतंस तू. धुतल्याची नोंद माझ्याकडे आहे."

मिस्त्रीने घास खाली ठेवला. "मग काय लिहायचं होतं? काहीतरी लिहावं लागतं ना."

यात तसं वावगं काही नव्हतं. सगळेच तसं करतात. पण चार मालक, चार वेगळे काटे, आणि फरक किलोलाही हललेला नाही. ती जागेवर परत आली आणि वजनाचे सगळे तक्ते पसरून बसली. तीन काट्यांची एक गंमत असते: जास्तीचं वजन किती आहे एवढंच ते सांगत नाहीत, कुठे आहे तेही सांगतात. पुढचा काटा किती वाढला, डावा किती, उजवा किती, यावरून जागा काढता येते. तिने चारही वेळची काढली. चारही वेळा एकच आली, डावी भिंत, पुढून चौथं आसन. आणि दोन वजनं तर आसनं काढून टाकल्यानंतरची होती.

दुपारी तिने गणित पुन्हा कोऱ्या कागदावर केलं. तेच आलं.

४

त्यानंतर ती हात धुऊन मागे लागली. मालवाहतुकीच्या वह्या तिने आजवर तास आणि फेऱ्यांसाठी चाळल्या होत्या, समासाकडे कधी पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. फुलं, छापखान्याचा कागद, यंत्रं, मासळी, टपाल. एकदा घोडे. तिथे लिहिलं होतं: 'घोडे डावीकडे उभे राहीनात. चारही उजवीकडे बांधले.' आणि मालाच्या वजनापुढे, समासात, बारीक अक्षरात एकच शब्द: 'धरून.'

आधी तिला वाटलं, आवेष्टन धरून, नाहीतर दोरखंड धरून. पण ते तर वेगळ्या रकान्यात असतात. शब्द मात्र प्रत्येक पानावर होता. हस्ताक्षर बदललं, कंपनी बदलली, शाई बदलली. 'धरून.' काय धरून, ते कुणीच लिहिलं नव्हतं.

आत्ताचा लोडमास्टर धिप्पाड गडी होता, घरात सगळे त्याला बाळ म्हणत म्हणून कंपनीतही बाळच. तिने त्याच्या पुढ्यात पान ठेवलं.

"हे तू लिहितोस?"

"लिहितो की."

"काय धरून?"

बाळने मान खाजवली. "ताई, मी आलो तेव्हा आधीचा लोडमास्टर म्हणाला, बाकी काही विसरलास तरी चालेल, थोरलीवर 'धरून' लिहायला विसरू नको. मी विचारलं का. म्हणाला, मलाही असंच सांगितलं."

"आणि न लिहिलं तर?"

"एकदा विसरलो होतो." तो दाराकडे बघून बोलत होता. "काही झालं नाही तसं. पण वाटभर मागे कोणीतरी बसल्या जागी चुळबुळ करावी तसं... जाऊ द्या. इंजिनाचा आवाज केवढा असतो, त्यात काय ऐकू येणार माणसाला?"

"डाव्या बाजूला माल ठेवतोस का?"

"माल बांधायच्या चौथ्या खुंटीपाशी नाही ठेवत."

"का?"

"ठेवत नाही, बस्स," बाळ म्हणाला, आणि चहा न घेताच गेला. चहाला नाही म्हणणारा बाळ तिने त्याआधी पाहिला नव्हता.

५

बाबांना त्र्याऐंशी पूर्ण होती. पाय थकले होते, कान आणि डोकं शाबूत. संध्याकाळी ती घरी आली तेव्हा ते नेहमीसारखे खिडकीशी खुर्चीत बसून खालच्या रस्त्यावरच्या गाड्या मोजत होते. आकड्यांची ती खोड काही सुटली नव्हती.

जागा, वजन, समास, यातलं काहीच तिने सांगितलं नाही. साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घालायचं नसतं. तिने नुसतं विचारलं, "बाबा, त्या फेरीत शेवटी कोण चढलं होतं?"

चाळीस वर्षांत घरात हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. बाबांनी खिडकीकडची नजर काढली.

"एक माणूस. तिशीचा असेल. किडकिडीत. बाकी सगळे काही ना काही घेऊन चढले होते. गाठोडं, कोंबडी, देव, शिवणयंत्र. याच्या हातात काही नव्हतं, म्हणून लक्षात राहिला. चेहरा म्हणशील तर नाही आठवत."

"कुठे बसला?"

"मीच बसवला. डावीकडे, चौथ्या जागी."

हातातली पिशवी तिने खाली ठेवली.

"उठू लागला होता सारखा. भेदरलेला. मी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, बस. मी सांगेपर्यंत उठायचं नाही. त्याने मान हलवली." बाबांनी काठी जवळ ओढली. "मग उतरल्यावर एक बाळंतीण अडली होती, तिची डोली घेऊन मी आधी पळालो. एरवी सगळे उतरल्याशिवाय मी विमान सोडत नसे. बाकीच्यांना वैमानिकाने उतरवलं. परत आलो तर विमान रिकामं होतं."

"म्हणजे त्याला ऊठ असं तुम्ही..."

"नाही सांगितलं," बाबा म्हणाले. "चौकशीत हे कुणी विचारलंच नाही. सगळे आकड्यावरून भांडत होते."

ते पुन्हा खिडकीकडे वळले, पण मोजत नव्हते. तिला त्यांच्या पाठमोऱ्या मानेकडे बघून गलबलून आलं. काही झालं तरी हा कागद दुरुस्त करायचाच, असं तिने त्याच क्षणी ठरवलं, कुणाला वेड लागल्यासारखं वाटलं तरी.

६

साहेबांचं म्हणणं सोपं होतं. "बाई, अडुसष्टला काहीतरी कारण लिहून टाका. रंग लिहा."

"रंग लिहून झालाय."

"मग ओल लिहा."

"तीही झाली. धूळही झाली, साहेब. आता खरं तेच उरलंय."

साहेब हसले, पण तिचं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. शेवटचं वजन तिच्यासमोर होईल, आकडे मिस्त्री वाचेल, सही दोघांची, असं तिने त्यांच्याकडून लिहून घेतलं. पंचवीस वर्षांत तिने मागितलेली ही पहिली गोष्ट होती, त्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

७

वजन करताना वारा चालत नाही. सकाळी अकराला विमानघराची मोठी दारं लोटली, छताचे पंखे बंद केले, माणसं बाहेर काढली. आत थोरली, मिस्त्री आणि नोंदताई. एवढी मोठी जागा इतकी गप्प झालेली तिने कधी ऐकली नव्हती. छतावर कबुतर चाललं तरी त्याची नखं ऐकू येत होती.

कागदाप्रमाणे वजन यायला हवं होतं अकरा हजार दोनशे बारा. मिस्त्रीने तिन्ही आकडे वाचले, बेरीज केली. अकरा हजार दोनशे ऐंशी.

"जागा काढ," ती म्हणाली.

मिस्त्रीने गणक यंत्रावर बोटं चालवली, थांबला, पुन्हा चालवली. "डावीकडे, चौथ्या खुंटीपाशी. पण ताई, तिथे काही नाही. सकाळी मी स्वतः झाडून घेतलंय."

"मी आत जाऊन बघते. तू आकडे बोलत राहा. थांबू नको."

मागचं दार उतरवलेलंच होतं. त्याच्या उतरणीवरून ती चढली. आत दिवे बंद होते. दाराकडून येणारा उजेड जमिनीवरच्या रुळांवर पडला होता. लोखंडी, मनगटाएवढे रूळ, आडवे, एकामागे एक, पार पुढपर्यंत. हात लावला तर गर्रकन फिरावेत इतके सैल. उजव्या कडेला चालायला फळी होती. ती तिच्यावर दाराजवळच उभी राहिली.

"अकरा हजार तीनशे सदतीस," बाहेरून मिस्त्री म्हणाला. "तुम्ही सत्तावन्न, तो अडुसष्ट. म्हणजे... ते अडुसष्ट."

डाव्या भिंतीला चौथ्या खुंटीपाशी काहीही नव्हतं. उघडा पत्रा, खिळे, एक गोल खिडकी. तिने बराच वेळ पाहिलं. पन्नाशीची बाई, शिकलेली, नातवंडं व्हायच्या वयाची, आणि काय करायला निघालोय आपण, असं तिला वाटून गेलं. मग बाबांची मान आठवली.

"उतरा," ती म्हणाली. आवाज पत्र्यात घुमला आणि विरला. काही झालं नाही.

नाही, बाबांनी 'बसा' असं नव्हतं म्हटलं. त्या एकट्याला 'बस' म्हटलं होतं.

"ज्यांनी तुला बसवलं त्यांची मी मुलगी," ती म्हणाली. "त्यांच्या वतीने सांगते. ऊठ. उतर आता."

पुढे, अंधारात, एक रूळ अर्धा फिरला. टक.

थोड्या वेळाने, पावलाएवढ्या अंतरावरचा दुसरा. टक.

"ताई, हलू नका हो," मिस्त्री म्हणाला. "पुढचा काटा उतरतोय."

"मी हलले नाही."

"हललात. पुढचा कमी होतोय, मागचे वाढतायत. डाव्यापेक्षा उजवा जास्त. तुम्ही मागे सरकलात का?"

"मिस्त्री, मी जागेवर उभी आहे. आकडे सांग."

तो सांगत राहिला. त्याच्या आवाजातला फटकळपणा निघून गेला होता. रूळ एकेक करून फिरत होते, सावकाश, खूप दिवस न चाललेल्या माणसाने पाय टाकावा तसे. रूळ फिरतात ते उतारामुळे, गरम झालेल्या पत्र्यामुळे, असं ती मनाला सांगत होती, आणि विमान तर दोरीत सपाट उभं केलेलं आहे हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. आवाज तिच्या पुढ्यात आला. तिने फळीवर पाठ भिंतीला लावली आणि श्वास धरला. समोरच्या रुळांवरचा उजेड क्षणभर तुटला, पुन्हा जुळला. तेवढ्यात तिला एक हात दिसल्यासारखा झाला, मोकळा, बोटं जराशी उघडी, काही धरायला नसलेला. मग उतरणीचा पत्रा एकदा वाकला.

"दोनशे एकोणसत्तर," मिस्त्री म्हणाला. त्याने बेरीज पुन्हा एकदा केली. "ताई. हे दोनशे बाराच झालं. बारा आणि तुम्ही."

ती उतरणीच्या तोंडाशी आली. मिस्त्री आकड्यांवर नजर लावून बसला होता, आणि तशा बसल्या बसल्या त्याने पाय आखडून घेतले, खुर्ची थोडी मागे सरकवली आणि वाट दिली. जाणाऱ्याला देतात तशी. मान वर न करता.

नंतर तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "मी? मी कुठे सरकलो?"

दोन्ही वजनं कागदावर चढली, दोघांच्या सह्या झाल्या. शेऱ्याच्या रकान्यात मिस्त्रीने काही लिहिलं नाही, तिने लिहिलं. जुन्या पानाला हात लावला नाही. नव्या इतिहासात, त्या फेरीपुढे, आपल्या सहीने: 'चढले ४३. उतरले, त्या दिवशी ४२, आज १. मोजणी बरोबर होती.'

८

ती चारच्या बसने घरी निघाली. बस खच्चून भरलेली होती. तिने पिशवी मांडीवर घेऊन शेजारची जागा मोकळी केली, एका म्हाताऱ्या बाईला बसा म्हणाली. बाई जागेकडे बघून म्हणाली, "असू दे, उभीच बरी."

घरी बाबांना तिने नव्या नोंदीची नक्कल वाचून दाखवली. सगळं सांगितलं, रूळ, आकडे, मिस्त्रीची खुर्ची. 'मोजणी बरोबर होती' हे त्यांनी तिला तीनदा वाचायला लावलं. मग ते रडले. तिने त्यांना आई गेली तेव्हाही रडताना पाहिलं नव्हतं. तीही रडली, आणि चाळीस वर्षांचं ओझं उतरलं असं तिला खरोखर वाटलं.

डोळे पुसून बाबांनी विचारलं, "उतरल्यावर कुठे जायचं ते सांगितलंस का त्याला?"

"नाही."

"अगं, मग तो जाईल कुठे? उतरलेला माणूस लोडमास्टरच्या मागे चालतो. तो सांगेल तिथे उभा राहतो. दुसरं कोण आहे त्याला?"

तिला बसमधली ती मोकळी जागा आठवली. बाबा काठी टेकत उठले आणि दाराकडे निघाले. नका, बाबा, असं तिला म्हणायचं होतं. पण जन्मभर ज्याच्यासाठी या माणसाने ऐकून घेतलं, त्याच्यासाठी दार उघडू नका असं कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांनी कडी काढली. जिन्यात कोणी नव्हतं. खालच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

"ये," बाबा म्हणाले. "फार उशीर केला मी. आत ये."

ते बाजूला झाले, थांबले, मग त्यांनी दार लावून घेतलं. भिंतीकडची खुर्ची ओढून आपल्या खुर्चीसमोर मांडली आणि बसले. बराच वेळ ते गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत राहिले. नोंदताईला काही ऐकू येत नव्हतं. मधेच ते "हो" म्हणत होते, एकदा "माझं चुकलं" म्हणाले.

"माणसं मोजली, नाव कुणाचंच विचारलं नाही," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "नुसत्या आकड्याला शोधत कोण येणार गं? वही आण. नाव लिहून घे."

पळून जावं असं तिला वाटत होतं, हे खोटं नाही. तिने कपाटातून वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि बाबांच्या शेजारी, त्या खुर्चीसमोर बसली. बाबांनी ऐकलं आणि नाव सांगितलं. साधं, तीन अक्षरी नाव होतं. तिने पहिलं अक्षर सावकाश काढलं, आणि दुसऱ्याशी अडली. चाळीस वर्षांनी कागदावर येणारं नाव चुकीचं यायला नको. तिने मान वर करून खुर्चीकडे पाहिलं.

"वेलांटी पहिली की दुसरी?" तिने विचारलं, आणि पेन टेकवून थांबली.